कुपवाडची डाय, वॉर्साची मात्रित्सा

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत "डाय गेली" म्हटलं तर कुणाच्या काळजात धस्स होत नाही. डाय म्हणजे पोलादाचा जड ठोकळा. प्रेसखाली त्यावर पत्रा दाबला की वॉशर, ब्रॅकेट, झाकणं असे नग भराभर पडतात. तिची धार गेली की ग्राइंडिंगला जाते, पारच फुटली तर नवी करून घ्यावी लागते. तिथल्याच एखाद्या कामगाराची मुलगी शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात हाच शब्द वाचते, तेव्हा त्याचा अर्थ असतो मरणे. अक्षरं तीच, उच्चार तोच. बापाच्या हातातल्या डायचा आणि मरणाचा संबंध काय, असं त्या मुलीनं विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर मिळणार नाही.

उत्तर आहे, आणि ते शोधायची एक सुंदर युक्ती आहे. तो इंग्रजी शब्द उचलायचा आणि तिसऱ्याच एका भाषेत नेऊन ठेवायचा. पोलिशमध्ये ठेवून बघा. मरण या अर्थाच्या 'डाय'ला पोलिशमध्ये क्रियापद आहे 'उम्झेच' आणि नाम आहे 'श्म्येर्च'. प्रेसखालच्या डायला शब्द आहे 'मात्रित्सा'. एका इंग्रजी शब्दाची दोन शकलं झाली. आता शकलं नीट पाहा. 'श्म्येर्च'मधला 'म्येर्' आणि आपल्या 'मृत्यू'मधला 'मृ' हे एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत. 'मात्रित्सा' पोलिशमध्ये लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये त्याचं मूळ आहे 'मातेर', म्हणजे आई, आपली 'मातृ'. जिच्या पोटातून नग जन्माला येतात ती माता. एक इंग्रजी शब्द फोडला, तर एका बाजूला मृत्यू निघाला आणि दुसऱ्या बाजूला माता!

इंग्रजीत हे दोन अर्थ एकत्र आले ते निव्वळ योगायोगानं. मरणाचा 'डाय' उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतून इंग्लंडात उतरला. ठोकळ्याचा 'डाय' फ्रेंचमधून आला. आधी तो खेळातला फासा होता, मग फाशासारखा चौकोनी ठोकळा, मग साचा. बहुतेक अभ्यासक त्या फ्रेंच शब्दाचं मूळ लॅटिन 'दातुम'मध्ये, म्हणजे 'दिलेलं' या अर्थाच्या शब्दात पाहतात. दैवानं पुढ्यात टाकलेलं ते दातुम. हा 'दातुम' आपल्या 'दत्त'चा सख्खा नातेवाईक. दोन अनोळखी माणसं एकाच नावाची निघावीत आणि एकाच गल्लीत राहायला यावीत, तसे हे दोन शब्द इंग्रजीत शेजारी झाले.

पोलिशच का, असं कुणी विचारेल. पोलिश काही आपल्याला परकी नाही, म्हणून. मिरजेहून कोल्हापूरला निघालेली गाडी कोल्हापूर यायच्या थोडं आधी वळिवडे नावाच्या छोट्या स्टेशनावरून जाते. १९४३ ते १९४८ या काळात तिथं एक अख्खं पोलिश गाव वसलं होतं. १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियानं पोलंड वाटून घेतला. १९४० आणि १९४१ मध्ये लाखो पोलिश लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं गेलं. हिटलरनं रशियावरच चढाई केली तेव्हा त्यांच्या सुटकेचा करार झाला, आणि १९४२ मध्ये हाडांचा सापळा झालेली ही माणसं इराणमार्गे बाहेर पडू लागली. काही मुलांना जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला आसरा दिला. सगळ्यांत मोठी वसाहत मात्र कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्याला झाली. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतांश बायका आणि मुलं. बराकींच्या रांगा, चर्च, दवाखाना, शाळा, नाटकाची हौस, सगळं होतं. हवापालटाची गरज असलेल्यांना साताऱ्याच्या पाचगणीला पाठवत. शाळा पोलिश माध्यमाच्या, इंग्रजी हा विषय, आणि कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की मराठी.

या मुलांच्या डोक्यात तीन भाषांचा काय खेळ चालला असेल याचा विचार मला फार मोहात पाडतो. पोलिशमध्ये 'हो'ला 'ताक' म्हणतात. भाजीवाल्यानं काही विचारावं आणि समोरच्यानं "ताक, ताक" म्हणावं! त्याहून गंमत म्हणजे बोली पोलिशमध्ये 'नो' म्हणजेसुद्धा होकारच. कुंपणाबाहेर ताक, वर्गात नो, आणि घरी दोन्हींचा अर्थ हो. पुढं ही मुलं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत पांगली, काही पोलंडला परतली. त्यांच्या बराकींच्या जागी फाळणीनंतर आलेले सिंधी लोक वसले आणि ती वस्ती आज गांधीनगर म्हणून ओळखली जाते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या लोकांचं स्मारक आहे. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली.

तर आता त्या युक्तीकडे परत येऊ, कारण तिची खरी करामत अजून पुढं आहे.

'लाइट' घ्या. इंग्रजीत लाइट म्हणजे उजेड आणि लाइट म्हणजे हलका. पोलिशमध्ये उजेड 'श्फ्यात्वो' आणि हलका 'लेक्की'. 'श्फ्यात्वो'चं नातं थेट 'श्वेत'शी. 'लेक्की'चं नातं 'लघु'शी. आणि आपण रोज वापरतो तो 'हलका' हा मराठी शब्द कुठून आला? त्याच 'लघु'तून. संस्कृत 'लघुक' प्राकृतात 'लहुअ' झाला, मग ल आणि ह यांनी जागा बदलल्या आणि 'हलुअ' झाला. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात या अदलाबदलीची नोंद करून ठेवली आहे. म्हणजे 'हलका' आणि 'लेक्की' हे ऐकायला कानाला अजिबात न जुळणारे शब्द एकाच घरचे आहेत. नुसत्या कानावर विसंबलं असतं तर हे नातं कधीच सापडलं नसतं.

'नो', म्हणजे जाणणे या अर्थाचा इंग्रजी शब्द, घ्या. इंग्रज माणूस आपल्या मित्रालाही 'नो' करतो आणि मिरज जंक्शन कुठं आहे हेही 'नो' करतो. मराठी माणसाला हे चालत नाही. माणूस आपण ओळखतो, आणि जंक्शन कुठं आहे ते आपल्याला माहीत असतं. पोलिश माणूस नेमका याच जागी थांबतो. ओळखीला 'झ्नाच', माहितीला 'व्येजेच'. 'झ्नाच' म्हणजे आपला 'ज्ञा', ज्ञान-विज्ञानातला. 'व्येजेच' म्हणजे आपला 'विद्', वेद आणि विद्येतला. इंग्रजीतला 'नो' हासुद्धा 'ज्ञा'चाच भाऊ आहे, लिहिताना सुरुवातीला येणारं ते न उच्चारलं जाणारं अक्षर त्याचीच खूण. पण इंग्रजीनं 'विद्'ची गादी रिकामी केली. त्याचे अवशेष 'विट' आणि 'वाइज' अशा शब्दांत उरले, आणि सगळा भार एकट्या 'नो'वर पडला.

हे असं का होतं, याचं कारण १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सनं मोठ्या धाडसानं मांडलं होतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा कुठल्यातरी एकाच, बहुधा आता न उरलेल्या मुळातून निघाल्या असाव्यात. पुढच्या संशोधनानं त्या कुटुंबात पोलिशसारख्या स्लाव्ह भाषाही नेमक्या बसवल्या. इंग्रजीही याच घरातली. पण तिच्या वाट्याला फार उलथापालथ आली. शब्दांच्या शेवटचे प्रत्यय झिजून गेले, व्हायकिंग आले, १०६६ मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन आले, आणि वेगवेगळ्या गावचे शब्द एकसारखे तोंडवळे घेऊन उभे राहिले. पोलिशनं मात्र जुनं पुष्कळ जपलं. तिच्या सात विभक्ती आजही रोजच्या बोलण्यात आहेत. तिची तीन लिंगंही शाबूत आहेत. आपल्या 'तो, ती, ते'च्या जोडीला त्यांची दर्शक सर्वनामं ऐका. तेन, ता, तो. मूळ एकच. म्हणून इंग्रजीचा गुंता पोलिशमध्ये सुटतो, तेव्हा सुटलेल्या धाग्यांत मराठी माणसाला आपला रंग दिसतो.

पण इंग्रजीला केवळ गोंधळलेली भाषा ठरवणं अन्यायाचं होईल. तिच्या काही अनेकार्थी शब्दांत फार तीक्ष्ण नजर आहे. 'स्प्रिंग' हा तसा शब्द. वसंत ऋतू, गुंडाळलेली पोलादी तार, आणि जमिनीतून फुटणारा झरा, तिन्हींना इंग्रजी 'स्प्रिंग' म्हणते. हा योगायोग नाही. शब्दाचा गाभा आहे उसळी. पालवी उसळते, पाणी उसळतं, दाबलेली तार उसळते. तीन गोष्टींतली एकच हालचाल ज्यानं पहिल्यांदा ओळखली असेल त्याला दाद द्यायलाच हवी. पोलिश माणूस इथं तीन शब्द काढतो. ऋतूला 'व्योस्ना', तारेला 'स्प्रेंझिना', झऱ्याला 'झ्रुद्वो'. यातला 'व्योस्ना' म्हणजे आपला 'वसंत', हजारो वर्षांपूर्वीचा भाऊ. आपल्याकडचं हे नाव पोलंडमध्ये दरवर्षी बर्फ वितळला की घरोघरी घेतलं जातं!

भाषाशास्त्रात या दोन प्रकारांना वेगवेगळं मानतात. 'डाय'सारखे शब्द म्हणजे नामसाधर्म्य, दोन वेगळ्या शब्दांचा एक चेहरा. 'स्प्रिंग'सारखे म्हणजे खरे अनेकार्थी, एका खोडाच्या फांद्या. कोणता शब्द कोणत्या प्रकारचा हे एकाच भाषेत राहून कळणं कठीण. पण दूरदूरच्या भाषांनी तीच फांदी स्वतंत्रपणे फोडली असेल, तर ती माणसाच्या नजरेतूनच उगवलेली असते. 'क्रेन' बघा. इंग्रजीत क्रेन म्हणजे लांब मानेचा, लांब पायांचा पक्षी, आणि क्रेन म्हणजे माल उचलणारं यंत्र. पोलिशमध्ये पक्षी 'झुराफ' आणि यंत्रही 'झुराफ'. ग्डान्स्क बंदरात पंधराव्या शतकातली लाकडी क्रेन पुन्हा बांधलेल्या रूपात आजही उभी आहे, तिचं नावच झुराफ. जुन्या ग्रीकमध्येही पक्षी आणि यंत्र यांना एकच शब्द होता. मान लांब करून खाली वाकायचं आणि चोचीत काहीतरी धरून वर यायचं. ज्यानं पाहिलं त्याला तेच सुचलं. मराठीनं मात्र वेगळी वाट धरली. मराठी विश्वकोशात या यंत्राला 'यारी' म्हटलं आहे, आणि यारी म्हणजे दोस्तीही. कुपवाडमध्ये आज सगळे क्रेनच म्हणतात, पण 'यारी' हा शब्द मला फार आवडतो.

पोलिशमध्ये स्वतःचे अनेकार्थी शब्दही कमी नाहीत, आणि त्यांतला एक कुपवाडच्या कुठल्याही फिटरला आवडेल. शब्द आहे 'क्लुच'. क्लुच म्हणजे कुलपाची किल्ली. क्लुच म्हणजे नट आवळायचा पाना. इथवर ठीक, दोन्ही हातात धरून फिरवायच्या वस्तू आहेत. पण आकाशात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात उडणाऱ्या पक्ष्यांच्या थव्यालाही पोलिश माणूस क्लुच म्हणतो. त्यामुळं 'क्लुच झुरावी' म्हणजे काय, हे पोलिश नीट न येणाऱ्यानं डिक्शनरी उघडून लावायला घेतलं तर क्रेनचा पाना असाही अर्थ लागेल आणि करकोच्यांची माळही.

नखाची गोष्टही अशीच. इंग्रजीत 'नेल' म्हणजे नख आणि 'नेल' म्हणजे खिळा. मूळ अर्थ नख, आणि 'नेल' हा 'नख'चा नातलगच. लोखंडी टोकाला ते नाव नंतर मिळालं. पोलिशनं खिळ्याला 'ग्वुश्च' हा वेगळा शब्द ठेवला आणि नखाला 'पाझ्नोक्येच'. त्या अवजड शब्दाच्या पोटात जे 'नोक्' आहे तेही नखच. आणि पोलिशमध्ये पायाला 'नोगा' म्हणतात, तोही याच कुळातला. आधी नखी किंवा खूर, मग पाऊल, मग अख्खा पाय. आपल्या बोटाच्या टोकाशी असलेला शब्द तिकडं मांडीपर्यंत चढला.

सांगलीकडे वळलं की वेगळीच मौज दिसते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं आणि मराठी नाटकाची परंपरा इथून सुरू झाली. त्यामुळं सांगली शहरात 'नट' म्हणजे अभिनेता. चार-पाच किलोमीटरवर कुपवाडला 'नट' म्हणजे बोल्टवर फिरणारा. एक शब्द संस्कृतचा, एक इंग्रजीचा. इंग्रजी 'नट' स्वतः आधी अक्रोडासारखं टणक फळ होता. पोलिशमध्ये फळाला 'ओझेख' आणि बोल्टवरच्या नटाला 'नाक्रेंत्का', म्हणजे फिरवून बसवायची वस्तू. तसंच 'कास्ट'. फौंड्रीत कास्टिंग म्हणजे ओतकाम, सिनेमात कास्टिंग म्हणजे पात्रनिवड, दवाखान्यात हात मोडल्यावर इंग्रज डॉक्टर घालतो तेही कास्ट. पोलिशमध्ये हे अनुक्रमे 'ओद्लेफ', 'ओप्सादा' आणि 'गिप्स'. आणि नाटकाला पोलिशमध्ये म्हणतात 'श्टुका'. श्टुका म्हणजे कला, श्टुका म्हणजे नाटक, आणि श्टुका म्हणजे नग. पोलंडमधल्या खोक्यावर वस्तूंची संख्या लिहिताना याच शब्दाचं लघुरूप छापतात. सांगलीचं नाटक आणि कुपवाडच्या डिस्पॅचमधला नग यांना एकाच शब्दात बसवणारी भाषा जगात आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

उसन्या शब्दांचाही एक नियम यातून उघडा पडतो. शब्द परक्या भाषेत जातो तेव्हा सगळे अर्थ बरोबर नेत नाही, एखादाच नेतो. आपण 'स्प्रिंग' घेतला तो तारेपुरता. इंग्रजी 'मॅच'चं तर फारच नवल. सामना, जुळणं आणि आगकाडी असे त्याचे तीन अर्थ. पोलिशनं फक्त सामना उचलला आणि त्याचं 'मेच' केलं. आगकाडीला त्यांचा 'झापाव्का', जुळण्याला 'पासोवाच'. आपण मात्र तिन्ही घेतले, पण तीन वेगवेगळ्या वाटांनी आणि तीन रूपांत. मैदानावर मॅच, साडीवर मॅचिंग ब्लाउज, आणि हिंदीच्या वाटेनं आलेली माचिस. हे तिघे इंग्रजीत एकाच तोंडवळ्याचे आहेत असं दुकानात उभ्या असलेल्या कुणाच्या मनातही येत नाही.

उलटा प्रकारही घडतो. कधी इंग्रजी तुकडे करते आणि आपण व पोलिश लोक करत नाही. हाताला बोट, पायालाही बोट. पोलिशमध्ये दोन्हीकडं 'पालेत्स'. इंग्रजीला दोन शब्द लागतात. खांद्यापासून बोटांपर्यंत आपला एक हात, त्यांचा 'रेंका'. इंग्रज मनगटापाशी थांबून नाव बदलतो. बोटावरून आठवलं. इंग्रजी 'डेट' म्हणजे तारीख आणि खजूर. तारखेचा डेट त्याच 'दातुम'च्या घरातला, म्हणजे पुन्हा 'दत्त'. खजुराचा डेट ग्रीक भाषेत 'बोट' या अर्थाच्या शब्दातून आलेला. पोलिशनं दोघांना वेगळं ठेवलं, 'दाता' आणि 'दाक्तिल'.

नात्यांचं तर विचारूच नका. 'अंकल'पुढं मराठी मुलाला प्रश्न पडतो, काका की मामा? जुन्या पोलिशलाही पडायचा. आईचा भाऊ 'वुय', त्याची बायको 'वुयेंका', म्हणजे मामा-मामी. वडिलांचा भाऊ 'स्त्रिय', त्याची बायको 'स्त्रियेंका', म्हणजे काका-काकू. आज तिकडं 'स्त्रिय' मागं पडत चालला आहे आणि मामाचा शब्दच सगळ्या काकांना लावतात. आपल्याकडं शहरी सोसायट्यांत 'अंकल' काय करतोय ते वेगळं सांगायला नको. काका-मामातला फरक ज्या भाषेनं शेकडो वर्षं सांभाळला, तीही तो एक-दोन शतकांत सोडू शकते.

या तीन भाषांत सलग वावरलेला एक माणूस आपल्याच मुलखात होऊन गेला. मॉरिस फ्रिडमन. वॉर्सात जन्मलेला पोलिश ज्यू अभियंता. १९३० च्या दशकात तो भारतात आला आणि इथलाच झाला. औंध संस्थानानं आपल्या प्रजेला स्वराज्य देणारी घटना १९३९ मध्ये लागू केली, तिच्यामागं गांधीजींबरोबर त्याचाही हात होता. आटपाडीजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात, कैद्यांची खुली वसाहत 'स्वतंत्रपूर' उभी राहिली ती त्याच्याच कल्पनेतून. त्या प्रयोगावरून १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट आला. उतारवयात हा माणूस मुंबईत खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांपुढं जाऊन बसू लागला. महाराज मराठीत बोलत. फ्रिडमननं ती संभाषणं ध्वनिमुद्रित करून इंग्रजीत नेली, आणि १९७३ मध्ये 'आय ॲम दॅट' प्रसिद्ध झालं. त्या पुस्तकात 'कॉन्शसनेस' आणि 'अवेअरनेस' यांत मोठा फरक केला आहे. फ्रिडमनच्या मातृभाषेत दोन्हींना सहसा एकच शब्द येतो, 'श्फ्यादोमोश्च'. त्याच्या आत आहे तोच 'विद्', आणि त्याची घडण जवळजवळ आपल्या 'संविद्'सारखी. ज्याच्या बालपणीच्या भाषेनं हा भेद केला नव्हता, त्याला तो मराठीतून इंग्रजीत नेताना किती बारकाईनं कान द्यावा लागला असेल!

माणसाला कान देता येतो. यंत्राला शिकवावं लागतं. १९४९ मध्ये वॉरन वीव्हर या अमेरिकन शास्त्रज्ञानं यंत्रानं भाषांतर कसं करावं यावर टिपण लिहिलं. त्यातली त्याची कल्पना साधी होती. पुस्तकाच्या पानावर फटीचा कागद ठेवून एकेकच शब्द पाहिला तर अनेकार्थी शब्दाचा अर्थ कळणार नाही. फट रुंद केली, आजूबाजूचे काही शब्द दिसू दिले, की कळेल. 'डाय'च्या शेजारी 'प्रेस' आणि 'पत्रा' दिसला की कुणी मेलं नाही हे उघड. पण १९६० मध्ये बार-हिलेल या तत्त्वज्ञानं त्यातला अडथळा दाखवला. खेळण्यांची पेटी 'पेन'मध्ये सापडली, असं इंग्रजी वाक्य त्यानं पुढं ठेवलं. पेन म्हणजे लेखणी, आणि पेन म्हणजे रांगत्या मुलाला खेळायला ठेवतात ते छोटं कुंपणही. इथं शेजारचे शब्द पुरत नाहीत. पेटी लेखणीत मावत नाही, हे जगाचं ज्ञान लागतं. पोलिशमध्ये भाषांतर करणाऱ्याला तर दोनांतला एक शब्द निवडावाच लागतो. संदिग्ध राहायची सोयच नाही.

म्हणून मग शब्दाऐवजी अर्थाला पत्ता द्यायची कल्पना निघाली. १९८५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलरनं इंग्रजीचं 'वर्डनेट' सुरू केलं. त्यात एकाच शब्दाचा प्रत्येक अर्थ वेगळ्या गाठीवर बसतो आणि समानार्थी शब्द एका गाठीत येतात. पोलंडच्या व्रोत्स्वाफ शहरात २००५ पासून पोलिशचं असं जाळं विणलं गेलं, आणि ते आज जगातल्या सर्वांत मोठ्या जाळ्यांपैकी एक आहे. आपल्याकडं पवईच्या आयआयटीत मराठीचं शब्दजाळं तयार झालं आणि ते इतर भारतीय भाषांच्या जाळ्यांशी जोडलं गेलं. गाठींना गाठी जुळल्या की इंग्रजी 'स्प्रिंग'च्या ऋतूवाल्या गाठीपाशी एकीकडून 'व्योस्ना' आणि दुसरीकडून 'वसंत' येऊन पोहोचतात.

या जाळ्यांना शब्द पुरवायचं काम मात्र बोलणाऱ्यांचंच. मोल्सवर्थनं १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश काढला आणि १८५७ च्या आवृत्तीत तो साठ हजार शब्दांच्या घरात नेला. पण कुपवाडची एमआयडीसी तेव्हा नव्हती. इथल्या शेडमधले शब्द इथल्यांनाच लिहून ठेवावे लागतील. इंग्रजीत 'फाइल' म्हणजे कागदांचीही आणि लोखंड घासायचीही. पोलिश माणूस घासायच्या फाइलला 'पिल्निक' म्हणतो आणि गोंधळ टाळतो. आपल्याकडं त्यासाठी 'कानस' आहे, शिवाय इतर अवजारांना 'पाना' आहे, 'गिरमिट' आहे, 'छिन्नी' आहे. आयटीआयच्या मुलांनो, जुन्या फिटरांच्या तोंडचे असे शब्द वहीत उतरवून घ्या. जॉबवर कानस मारायला सांगितलं, तर वहीतही कानसच लिहा.